आधी कोड दाखवा, मग पान्हा उचला

गेल्या आठवड्यात मी दोन ओळींची पोस्ट टाकली होती. "१,८०० रुपयांचं काम ४३ हजारांना पडलं. कारण, डॅशबोर्डवरची एक पिवळी लाइट." त्यावर इतके फोन आले, की आज जरा सविस्तर लिहितोय. पोस्ट मोठी आहे. पण घरात गाडी असेल आणि चावी फिरवल्यावर ती इंजिनाच्या आकाराची पिवळी लाइट विझत नसेल, तर शेवटपर्यंत वाचा.

आधी काय झालं ते सांगतो.

माझी गाडी २०१४ ची, पेट्रोल. २०२२ मध्ये सेकंडहँड घेतली, इथेच चिपळुणात. जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस झाला, त्याच आठवड्यात चेक इंजिनची लाइट लागली. गाडी चालत तर होती. सकाळी सुरू केल्यावर जरा थरथरायची, मग ठीक. आण्णा शेजारी बसले होते. ते एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. म्हणाले, "ती काहीतरी सांगतेय. दाखवून घे." मी म्हटलं, "आण्णा, हल्लीच्या गाड्यांना सेन्सर असतात, उगाच लागते."

दहा दिवसांनी गॅरेजला नेली. ओळखीचा माणूस. त्याने छोटं मशीन लावलं, दोन बटणं दाबली, लाइट गेली. ३०० रुपये. चार दिवसांनी परत लागली. परत ३०० रुपये. तिसऱ्या वेळी तो म्हणाला, "साहेब, ऑक्सिजन सेन्सर गेलाय." बदलला. ४,६०० रुपये. लाइट गेली. मी खूश.

मग ऑगस्टमध्ये आण्णांना हृदयाच्या तपासणीसाठी कराडला न्यायचं होतं. सकाळी सातला निघालो. पोफळी सोडून कुंभार्ली घाट चढायला लागलो आणि लाइट परत आली. यावेळी ती नुसती लागली नव्हती, उघडझाप करत होती. गाडीत ओढ नाही, धक्के बसताहेत. आण्णा म्हणाले, "थांबव. गाडी धापा टाकतेय." मी थांबवली नाही. डॉक्टरांची वेळ चुकेल म्हणून दुसऱ्या गिअरवर रेटत घाट चढवला, तशीच पाटणपर्यंत आणि पुढे कराडला. उतरलो तेव्हा गाडीखालून जळका वास येत होता.

तपासणी नीट झाली, आण्णा ठणठणीत आहेत. ते आधी सांगतो, म्हणजे घोर नको. पण घाटात पाऊस होता, समोर धुकं होतं, मागे ट्रक होता आणि शेजारी ७४ वर्षांचा हृदयाचा पेशंट होता. गाडी तिथे बंद पडली असती तर काय, हा विचार मी कराडला चहा पिताना पहिल्यांदा केला.

कराडला एका गल्लीतल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. तिशीतला मुलगा. त्याने पहिला प्रश्न विचारला, "आधी कोड काय आले होते?" मला माहीत नव्हतं. दुसरा प्रश्न, "चिपळूणची पासिंग दिसतेय, गाडी २०२१ च्या पुरात होती का?" तेही माहीत नव्हतं. घेताना मी विचारलंच नव्हतं.

पत्रकारितेच्या डिप्लोमात पहिल्याच तासाला शिकवतात, कोण, काय, कधी, कुठे, का, कसं. वीस वर्षं मी हे प्रश्न नगरपालिकेपासून मंत्र्यांपर्यंत सगळ्यांना विचारतोय. स्वतःच्या गाडीच्या बाबतीत एकही विचारला नाही.

त्या मुलाने कोड वाचून दाखवला, पी ०३०२. म्हणजे दोन नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसफायर, ठिणगी नीट पडत नाही. त्याने इग्निशन कॉइल उपसली. तिच्या कनेक्टरच्या पिनांवर हिरवट गंज होता. कॉइल आणि मजुरी मिळून १,८०० रुपये. "पण साहेब," तो म्हणाला, "कॅट गेलंय." कॅट म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, सायलेन्सरच्या वाटेवर बसवलेली धूर शुद्ध करणारी जाळी. मिसफायर होतं तेव्हा न जळलेलं पेट्रोल पुढे जाऊन त्या जाळीत जळतं. जाळी लालबुंद तापते आणि आतून वितळते. ते बदलायला ३६ हजार. सहाशे, चार हजार सहाशे, अठराशे आणि छत्तीस हजार. करा बेरीज.

आता ऑक्सिजन सेन्सरची गंमत ऐका. जूनमध्ये बहुधा कोड आला असणार पी ०१७१, म्हणजे "मिश्रण पातळ", हवा जास्त आणि पेट्रोल कमी. सिलिंडरमध्ये ठिणगी पडली नाही की तिथला ऑक्सिजन न वापरता तसाच बाहेर जातो. सायलेन्सरमधला सेन्सर तो मोजतो आणि संगणकाला कळवतो. म्हणजे सेन्सर खरं बोलत होता. आम्ही काय केलं? बातमी आणणाऱ्यालाच काढून टाकलं. ऑक्सिजन सेन्सर बदलला आणि रोग तसाच ठेवला. आमच्या धंद्यात हे नेहमी होतं म्हणून लगेच ओळखता आलं.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. कोड हा लक्षण सांगतो, पार्ट नाही. ताप १०२ आहे हे थर्मामीटर सांगतो, मलेरिया की टायफॉइड ते डॉक्टरने शोधायचं. "मिश्रण पातळ" असा कोड कुठल्याही कारणाने येऊ शकतो. फाटलेला हवेचा पाइप, मंदावलेला पेट्रोल पंप, चोंदलेला इंजेक्टर, मळलेला हवेचा सेन्सर, सायलेन्सरची गळती, नाहीतर माझ्यासारखी गंजलेली कॉइल. कोड बघून थेट पार्ट बदलणारा मेकॅनिक तुमच्या पैशाने अंदाज करत असतो.

आणि कोड पुसणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. पुसताना कोडबरोबर आणखी एक गोष्ट जाते. दोष सापडला त्या क्षणी इंजिन किती फिरत होतं, किती गरम होतं, गाडी किती वेगात होती, हे गाडी टिपून ठेवते. त्याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. म्हणजे 'काय' आणि 'कधी' गाडीने लिहून ठेवलेलं असतं. आपण पंचनामा व्हायच्या आधीच जागा धुऊन टाकतो. बॅटरीची वायर काढून लाइट घालवणं हाही तोच प्रकार.

घरच्या घरी काय बघायचं, ते थोडक्यात:

१. चावी ऑन करा, इंजिन सुरू करू नका. ही लाइट लागलीच पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझली पाहिजे. चावी ऑनलाही लागत नसेल तर ती चांगली बातमी नाही. कोणीतरी लाइटच बंद केलेली असू शकते. सेकंडहँड गाडी घेताना ही पहिली परीक्षा.

२. लाइट स्थिर असेल आणि गाडी नीट चालत असेल तर घाबरू नका, पण आठवड्याच्या आत कोड वाचून घ्या. लाइट उघडझाप करत असेल तर ॲक्सिलरेटर सोडा, बाजूला घ्या, बंद करा. तेव्हाचा प्रत्येक किलोमीटर कॅट जाळतो.

३. लाल रंगाची ऑइलची किंवा तापमानाची लाइट लागली तर तिथेच थांबायचं. "पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत" सुद्धा नाही.

४. स्टिअरिंगच्या खाली सोळा पिनांचं एक सॉकेट असतं. त्याला ओबीडी पोर्ट म्हणतात. आपल्याकडे २०१० पासून नव्या गाड्यांना ही दोष सांगणारी यंत्रणा टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली, २०१३ पासून दुसरा टप्पा. ब्लूटूथवाला साधा स्कॅनर आज हजार रुपयांच्या आतबाहेर मिळतो, मोबाइलवर कोड दिसतो. चार मित्रांत मिळून एक घ्या. दिसलेल्या कोडचा फोटो काढा, पुसू नका.

५. यूट्यूबवर सांगतात, पेट्रोल टाकीचं झाकण घट्ट करा, लाइट जाईल. तो सल्ला मुख्यतः अमेरिकेतल्या गाड्यांचा. तिथे टाकीतून वाफ गळतेय का, हे गाडीने स्वतः तपासणं बंधनकारक आहे. झाकण आवळून बघायला हरकत नाही, पण त्या भरवशावर महिना काढू नका.

आता लाइट लागूच नये म्हणून काय करायचं? आपल्या कोकणासाठी माझ्या मते चार गोष्टी.

पहिली, बॉनेट उघडून प्रेशरच्या पाण्याने इंजिन धुऊन घेऊ नका. ते चकचकीत दिसतं, पण पाणी प्लगच्या खोबणीत आणि कनेक्टरमध्ये बसतं. ओल्या फडक्याने पुसा, पुरे.

दुसरी, उंदीर. पावसाळ्यात गरम इंजिन म्हणजे त्यांचं विश्रामगृह. आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून बघा. कुरतडलेली एक वायर चार वेगवेगळे कोड दाखवू शकते.

तिसरी, एअर फिल्टर, प्लग आणि ऑइल गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या किलोमीटरला बदला. गाडी कमी चालत असेल तर महिन्यांच्या हिशेबाने. थकलेला प्लग कॉइलवर ताण देतो आणि तिलाही बरोबर घेऊन जातो.

चौथी, डिझेलवाल्यांसाठी. बीएस-६ डिझेलच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो. घर ते बाजारपेठ, बाजारपेठ ते घर, एवढंच चालवलं की तो भरतो. त्याची लाइट लागली तर बहुतेक गाड्यांत हायवेवर काही वेळ सलग एका वेगात चालवल्यावर आतली काजळी जळून जाते. नेमकं कसं, ते पुस्तकात दिलेलं असतं. दुर्लक्ष केलं तर मोठं बिल.

फोनवर सर्वात जास्त विचारला गेलेला प्रश्न, "हे ई-२० मुळे तर नाही ना?" सध्या गाडीचं काहीही झालं की दोष इथेनॉलला. मी इथेनॉलचा वकील नाही. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते, त्यामुळे मायलेज थोडं घटणं हा साधा हिशेब आहे. त्यात मुळातच ऑक्सिजन असतो, म्हणून संगणकाला जास्त इंधन सोडावं लागतं. पण त्यालाही मर्यादा असते. जुन्या गाडीचा इंजेक्टर किंवा पंप आधीच थकलेला असेल तर ती मर्यादा संपते आणि तोच "पातळ मिश्रण" कोड येऊ शकतो. शिवाय इथेनॉल पाणी धरून ठेवतं. आपल्या दमट हवेत जुनी गाडी महिनोन्महिने उभी ठेवणं बरं नाही. मिश्रण २० टक्क्यांवर नेलं, पण जुन्या गाडीवाल्याला पंपावर दुसरा पर्याय ठेवला नाही, यावर सरकारला जाब विचारलाच पाहिजे. पण तो विचारताना हातात कोडचा कागद हवा. माझ्या गाडीचा दोष इथेनॉलचा नव्हता, गंजलेल्या पिनेचा होता. कोड न वाचता इथेनॉलला शिव्या देणारा आणि कोड न वाचता सेन्सर बदलणारा, दोघांची चूक एकच.

आता हे सगळं मी गाडीच्या ग्रुपवर न टाकता इथे, सार्वजनिक प्रश्न म्हणून का लिहितोय?

कारण जुलैमध्ये, ही लाइट जळत असताना, मी गाडीची पीयूसी काढली. पास झाली. सर्टिफिकेट एक वर्षाचं. नळी सायलेन्सरला लागली, आकडे आले, नंबर प्लेटचा फोटो निघाला. डॅशबोर्डकडे कोणी मान वळवून बघितलं नाही. त्या मुलाची चूक नाही, त्याला तसं सांगितलेलंच नाही. पीयूसीत पेट्रोल गाडीचा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात, डिझेलच्या धुराची दाटी मोजतात, तेही गाडी जागेवर उभी करून. माझी गाडी जागेवर गरम उभी असताना शहाण्यासारखी वागत होती. तिचा दोष थंड, दमट सकाळी आणि चढावर दिसायचा. तो दोष गाडीने स्वतः ओळखला होता, लाइट लावून सांगत होती, आणि कायद्याने मला प्रदूषणमुक्तीचा कागद दिला.

ब्रिटनमध्ये २०१८ पासून वार्षिक तपासणीत इंजिनाची ही लाइट जळत असेल तर गाडी नापास होते. कॅलिफोर्नियात तपासणीवाला गाडीच्या संगणकालाच मशीन जोडतो, आणि कोड नुकतेच पुसलेले दिसले तर काही दिवस चालवून परत या म्हणतो. आपल्याकडे सॉकेट प्रत्येक गाडीत सक्तीचं केलं, पण त्यात बघायची सक्ती कोणावर नाही. खासगी गाडीची फिटनेस तपासणी होते ती नोंदणीची १५ वर्षं संपल्यावर. तोपर्यंत लाइट जळली काय, विझली काय, मालक आणि मेकॅनिक यांच्यातला खासगी मामला.

दुसरी बाजू मेकॅनिकची. मी माझ्या गॅरेजवाल्याचं नाव लिहिणार नाही, कारण तो चोर नाही. कार्ब्युरेटरच्या काळात काम शिकलेला माणूस आहे. कानाने इंजिन ओळखतो. आता गाडीत संगणक आला, त्याचं पूर्ण वाचन करणारं मशीन महाग, कंपनीची माहिती कुलपात, आणि शिकवणारं कोणी नाही. हे कुलूप नवं नाही. २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कारकंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड सुनावला होता. कारण हेच, सुटे भाग आणि दोष शोधायची साधनं बाहेरच्या गॅरेजवाल्यांना मिळू न देणं. प्रकरण पुढे अपिलात गेलं. २०२२ च्या डिसेंबरमध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीचा हक्क' पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनंही आहेत. चांगलं आहे. पण आमच्या बहादूरशेख नाक्यावरच्या मेकॅनिकपर्यंत त्यातलं काय पोहोचलं? मी चौघांना विचारलं. चौघांनीही पोर्टलचं नाव माझ्याकडूनच ऐकलं.

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत.

एक, पीयूसी करताना चेक इंजिनची लाइट बघणं बंधनकारक करा. त्याला मशीन लागत नाही, डोळे लागतात. लगेच नापास करू नका, सर्टिफिकेटवर "लाइट चालू" एवढं छापा आणि महिन्याची मुदत द्या.

दोन, दुरुस्तीच्या जॉब कार्डवर आणि बिलावर कोड लिहिणं सक्तीचं करा. आलेला कोड, केलेली तपासणी, बदललेला पार्ट. कंपनीचं वर्कशॉप असो की झाडाखालचं गॅरेज. उद्या ग्राहक आयोगात जायची वेळ आली किंवा १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन लावला, तर हातात कागद हवा.

तीन, आयटीआयमध्ये संध्याकाळचे छोटे वर्ग घ्या, काम करणाऱ्या मेकॅनिकसाठी. पाना सोडून स्कॅनर धरा असं नाही, दोन्ही. आमच्या भागात २०२१ च्या पुरात किती गाड्या पाण्यात होत्या, ते आपण सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. त्यातल्या बऱ्याच पुसून, धुऊन पुन्हा रस्त्यावर आल्या. त्यांच्या कनेक्टरमधला गंज आता, इतक्या पावसाळ्यांनंतर, बोलायला लागलाय. इथल्या मेकॅनिकला हे वाचता येणं ही चैन नाही.

सरकार करेल तेव्हा करेल. तोपर्यंत आपण एवढं करू शकतो की गॅरेजमध्ये गेल्यावर पहिलं वाक्य बदलायचं. "लाइट घालवून द्या" म्हणायचं नाही. "कोड काय आहे, लिहून द्या" म्हणायचं. मी ते आता म्हणतो. माझ्या जुन्या गॅरेजवाल्यालाही म्हटलं. पहिल्यांदा तो जरा चिडला, मग वहीच्या मागच्या पानावर लिहून दिलं. हल्ली तो स्वतःच लिहितो.

हे आण्णांना सांगितलं तर म्हणाले, "यात नवीन काय? आम्ही ड्यूटी संपली की गाडीत काय दोष वाटला ते डेपोत लिहून द्यायचो. लिहिल्याशिवाय घरी जायचं नाही." मग थोडं थांबून म्हणाले, "आणि घाटात ड्रायव्हरने थांब म्हटलं, तर थांबायचं."

दुसऱ्या वाक्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

तुमच्या गाडीत आज लाइट चालू असेल तर खाली लिहा, कोड माहीत असेल तर तोही. पीयूसीच्या मागणीचा अर्ज मी सोमवारी आरटीओला देणार आहे. सही करायची असेल त्यांनी सकाळी ऑफिसवर या. चहा माझ्याकडून. खर्च झालाच आहे, त्यात आणखी थोडा.